वाराहीचा जीर्णोद्धार

३ नोव्हें., सोम.
पहाटे जाग आली ती त्या आवाजाने. ततंतं ततंतं ततंतं ततंतं. अस्सल भुजंगप्रयात. पन्नास वर्षांपूर्वी वाराही चालू केली की इंजिन हीच चाल धरायचं, आणि मी स्टिअरिंगवर बोटांनी गण मोजायचो. शाळेत मास्तरांनी छडीने शिकवलेलं वृत्त मला खरं कळलं ते गाडीत. डोळे उघडले तर खाली पाण्याचा पंप.
गोल नाकामुळे सगळी मुंबई या गाडीला 'डुक्कर' म्हणायची. सौ.ला ते आवडेना. "माझ्या आईला डुकरातून स्टेशनवर सोडणार?" म्हणून मी नाव ठेवलं वाराही. अर्थ तोच, पण देवीचं.
आता बावीस वर्षं कंपाउंडच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली. डिकीत पिंपळ उगवलाय. दोष माझाच. पुढच्या महिन्यात करू, पुढच्या महिन्यात करू...

५ नोव्हें., बुध.
सोसायटीची नोटीस. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार, १७ तारखेपर्यंत कंपाउंड मोकळं हवं. खाली यादी: कुंड्या, जुना झोपाळा, 'भंगार गाडी – १ नग'.
नग!
सेक्रेटरीला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, "नाना, मनाला लावून घेऊ नका हो. भंगारवाला फुकट उचलून नेतो."
कापून नेतो, ते नाही सांगितलं. रात्री जेवण गेलं नाही. विकायची. पण उभी करील त्यालाच. बारा दिवसांत असा माणूस मुलुंडमध्ये कुठून आणायचा?

६ नोव्हें., गुरु.
जाहिरात मीच लिहिली. तीन मसुदे झाले. अंतिम:
'वाराही. बावीस वर्षे एकाच स्थानी विराजमान. मूळ रूप शाबूत. चार द्वारे. सध्या दुर्लक्षित. जीर्णोद्धार करू इच्छिणाऱ्या सज्जनास सुपूर्द करणे आहे.'
सूनबाई अनघाने ऑफिसला जाता जाता तशीच ग्रुपांवर टाकली. माझा नंबर खाली.

८ नोव्हें., शनि.
कालपासून अकरा फोन. पहिला बोरिवलीहून, आवाज भारदस्त.
"मूर्ती पाषाणाची का हो?"
म्हटलं, नाही, पत्र्याची.
"पत्र्याची? आणि चार दारं? गाभारा केवढा?"
"मागे तिघं आरामात बसतात."
मग म्हणाला, "पूजा कोण करतं?"
संध्याकाळी अनघाने जाहिरात पुन्हा वाचली आणि सोफ्यावर आडवी होऊन हसली. "बाबा, अहो, यात 'गाडी' हा शब्दच नाहीये!"
खरंच नाही. सौ. म्हणाली, "आता एक दानपेटी ठेवा खाली." दोन दिवस फुकट. अनघा म्हणे, दुरुस्त करून टाकते. म्हटलं, गाडी घाल, पण जीर्णोद्धार ठेव. 'रिपेअरला आलेली' असं मी वाराहीबद्दल लिहिणार नाही.

१० नोव्हें., सोम.
जोगेश्वरीहून शैला नावाची बाई आली. चाळिशीची, वडिलांचं गॅरेज चालवते. ताडपत्री काढली, आणि आमच्याशी न बोलता गाडीखालीच शिरली. पाय तेवढे बाहेर. सेक्रे. गॅलरीतून बघतोय.
खालूनच आवाज: "काका, भंगार कोण बोलला हिला?"
मी वर बोट दाखवलं.
"हाडं झकास आहेत हो. कातडीची वाट लागलीय, ती होते."
इंजिन जाम होतं. प्लग काढून चारही नळकांड्यांत तेल ओतलं. आता पाच दिवस हात लावायचा नाही.
विचारलं, इतकी लांब का आलीस? म्हणाली, "जीर्णोद्धार वाचून हसले पहिली. मग म्हटलं, ज्याला असला शब्द सुचतो त्याने गाडीचे पार्ट विकून खाल्ले नसणार."
गाडी तिलाच. शब्द दिला. किमतीचं बोलणं दोन मिनिटांत उरकलं. वर येताना जिना चढल्याचं कळलं नाही.

१५ नोव्हें., शनि.
शैलाताईने नवीन बॅटरी जोडली, पेट्रोलची बाटली बॉनेटखाली बांधली, हँडल मारलं. एकदा, दोनदा. आठव्यांदा खोकली. नवव्यांदा ढुस्स करून काळा धूर, आणि मग
ततंतं ततंतं ततंतं ततंतं
पूर्ण चरण! दुसऱ्या चरणात यतिभंग होऊन बंद पडली. पण पडू दे. गॅलऱ्यांतून टाळ्या. सेक्रे. खाली येऊन गाडीसोबत सेल्फी काढून गेला. मी विचारलं, "नगासोबत?" तो हसला बिचारा.
सौ. आत जाऊन हळदकुंकू घेऊन आली, गोल नाकाला लावलं. "जा गं डुकरीण," म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
सोमवारी सकाळी सातला टोइंगवाला.

१६ नोव्हें., रवि.
दुपारी आरसी बुक, जुन्या पावत्या एका पिशवीत भरत होतो. बेल. दारात पंचेचाळिशीची अनोळखी बाई. घामाघूम.
"नाना ना तुम्ही? मी रेश्मा. तळमजल्यावरच्या शालिनी सावंतची मुलगी. आम्ही इथून राहायला दुसरीकडे गेलो तेव्हा मी दोन वर्षांची."
शालिनीला वाराहीतून दवाखान्यात नेताना रेल्वेचं फाटक बंद पडलं होतं. भरदुपारी, अर्धा तास. फाटक उघडलं तेव्हा गाडीत आम्ही एक माणूस जास्त होतो.
"मामा अजून मला फाटकच म्हणतात," ती म्हणाली. "तुमची जाहिरात कुणीतरी आईला वाचून दाखवली. वाराही ऐकताच तिने चप्पल घातली. म्हणाली, चल, तुझं जन्मस्थान विकायला काढलंय."
"शालिनी कुठाय?"
"खाली. गाडीत. मागच्या सीटवर जाऊन बसलीय, उतरत नाही म्हणते." मग एकदम, "काका, आम्हालाच द्या ना. ते जीर्णो... काय ते, आम्ही करू."
शैलाताईला शब्द दिलाय. तिने पाच दिवस तेल मुरवलंय, मी तर बावीस वर्षं नुसती ताडपत्री बदलली. सौ.कडे पाहिलं. ती म्हणाली, "आधी चहा टाकते. तुम्ही शैलाला फोन लावा."
लावला. रिंग जातेय. रेश्मा खुर्चीच्या कडेला बसलीय. शालिनी अजून खालीच.