डब्याच्या गोष्टीचा उरलेला भाग

बाबा, शनिवारी तुमच्या नातीचं बारसं झालं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, त्यामुळे पाठीत धपाटेही मीच खाल्ले. नाव ठेवलंय मृण्मयी. पण ते सुखासुखी ठरलं असं समजू नका. आपल्या घरात कधी काही सुखासुखी ठरलंय का?

महिनाभर 'आद्या' ठरलं होतं. सोपं, गोड, कुणालाही चुकवता न येणारं. फक्त धाकट्याच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या इमारतीत तीन आद्या आधीच आहेत. मागच्या आठवड्यात खाली बागेत एका आईने "आद्याऽ, घरी चल" म्हणून हाक मारली, तर दोघी घसरगुंडीवरून उतरल्या आणि तिसरी वाळूत बसून रडायला लागली. मी पोट धरून हसले. भावजय हसली नाही.

ती नागपूरची. बारशाच्या आदल्या दिवशी घुगऱ्या ढवळता ढवळता म्हणाली, "ताई, मनातून मला मृण्मयी हवंय. पण इथे त्याचे धिंडवडे निघतील. टीममधले हिंदीवाले माझंच अर्धं नाव खातात. तुम्ही ज्ञानदा नाव घेऊन या शहरात वाढलात. त्रास झाला का हो? खरं सांगा. तुम्ही म्हणाल ते ठेवते."

आली का पंचाईत! मला एकदम आपलं बनशंकरीचं स्वयंपाकघर आठवलं. मी आठ वर्षांची. शेजारच्या कानडी अक्का खिडकीतून हाक मारतायत, "ग्न्यानदा, बा पुट्टी, चक्कुली तगो!" आणि मी कमरेवर हात ठेवून त्यांना सुनावते आहे की आधी नाव नीट म्हणा, मग येईन. तुम्ही पोळ्या लाटताय. लाटणं खाली ठेवता. "चकली देणाऱ्या माणसाची परीक्षा घेतेस? आधी ओ द्यायची. उच्चार नंतर!" तुम्हाला इतकं चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. फुरंगटून गेले आणि चार चकल्या खाऊन आले.

आणि मग तुमची ती लाडकी डब्याची गोष्ट आठवली. रिटायर झाल्यावर तुम्ही एकदा स्वतः थालीपीठं लावलीत आणि दोन बस बदलून माझ्या ऑफिसच्या गेटवर आलात, फोन घरीच विसरून. गार्डने यादी वरखाली केली. "ऐसा कोई नाम नहीं है, सर." मी चहाला बाहेर पडले तेव्हा तुम्ही तासभर प्लास्टिकच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसला होता. "बिचाऱ्याला आपला ज्ञ काही जमेना," म्हणालात. पुढे वर्षानुवर्षं येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्याची नक्कल करून दाखवलीत, "ग्यानंदा? गंगानंदा?" सगळे हसायचे. मीही हसायचे.

भावजयीला मी तो चकलीचा किस्सा सांगितला, आणि डब्याच्या गोष्टीचा उरलेला भागही. तिचा डाव पातेल्यातच थांबला. म्हणाली, "मग मृण्मयीच. चुकू देत लोकांना. आधी ओ, उच्चार नंतर, हे मी शिकवीन तिला."

बारशाला अक्का आल्या होत्या, काठी टेकत. पाळण्यात वाकून त्यांनी "मृण्मयी" इतकं लख्ख म्हटलं की आम्ही सगळे बघत राहिलो. वॉचमन मात्र "मुरनमई पापू" म्हणतो. पोरगी त्यालाही खुशीत पाय झाडून दाखवते. तुम्ही असायला हवं होतं, बाबा. फार हवं होतं.

हे पत्र कुठे धाडणार! थालीपिठाच्या त्या डब्यातच घालून ठेवीन. पण भावजयीला सांगितलं ते तुम्हालाही सांगायला हवं. त्या गार्डचा काही दोष नव्हता. टीममधले "ग्यान दे, ग्यान दे" म्हणून चिडवायचे, म्हणून नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी ऑफिसात नाव 'जिया' करून घेतलं होतं. यादीत ज्ञानदा नव्हतीच. तुम्ही नक्कल करायचात, लोक त्या गरीब माणसाला हसायचे, आणि मी हसू द्यायचे.

सोमवारी मी ऑफिसात नाव पूर्ववत करून घेतलं. आज टीममधल्या एकाने दारातूनच हाक मारली, "ग्यानदा!"

मी ओ दिली.