पॉलरावांना नगर दाखविणेबाबत

रविवार, २४ नोव्हेंबर. दुपार.
चर्चहून घरात शिरतोय तोच पुण्याहून पॉलरावांचा फोन. पॉलराव म्हणजे आमच्या एंजलचे सासरे. नाताळ झाला की २८ तारखेला दोघं येतो म्हणाले. मी म्हटलं, जरूर या, सगळं नगर दाखवतो. तर म्हणतात, "नगरमध्ये बघण्यासारखं काय आहे हो?" आणि हसले. ते हसणं मी लक्षात ठेवलंय.

एकसष्ट वर्षं या गावात काढली. सरकारी खात्यात बत्तीस वर्षं स्थळपाहणीचे अहवाल लिहिले, एकही परत आला नाही. आता नगरची इभ्रत माझ्या हातात आहे. निश्चय : प्रत्येक ठिकाण आधी जातीने पाहायचं आणि त्यातून असं एक निवडायचं की पॉलरावांचं तोंड बंद झालं पाहिजे.

हन्ना म्हणाली, मी दाखवते की त्यांना. मी नुसता हसलो. बायको असली म्हणून काय झालं? हिला आमच्या सावेडीबाहेरचं काय माहीत!

बुधवार, २७ नोव्हेंबर. पहाटे ५.३० (ठरलेली वेळ). सकाळी ९.१० (प्रत्यक्ष).
मांजरसुंबा गड. पायथ्याजवळ हॉटेल आहे, चहा बरा. बाकावरून गड पूर्ण दिसतो, त्यामुळे वर जाण्याचं तांत्रिक कारण उरत नाही. खात्यातही आमची हीच पद्धत होती. वेशीवरच्या हॉटेलात बसून अख्ख्या शिवाराचा अहवाल व्हायचा. निष्कर्ष : नुसते दगड. माकडांची नजर चांगली नाही. व्याह्यांसाठी अयोग्य.

संध्याकाळी हन्नाला अहवाल वाचून दाखवला. भाजी निवडता निवडता म्हणाली, वरच्या टाक्यात पाणी होतं का? मी म्हटलं, आटलंय.
आता प्रश्न असा की वर टाकं आहे हे हिला कोणी सांगितलं?

शनिवार, ३० नोव्हेंबर.
भुईकोट किल्ला. किल्ला लष्कराच्या ताब्यात, दारावर ओळखपत्र मागितलं. माझं घरी. जवानाला एकसष्ट वर्षांचा रहिवास सांगितला, उपयोग शून्य. वर माझ्याकडे रोखून बघत होता. मी दोनदा चकरा मारल्या तेव्हा तर फारच. बाहेरून खंदक पाहिला. निष्कर्ष : खंदक आहे.

घरी हन्ना म्हणाली, अहो, आधार कार्ड न्यायचं ना, माझं तर पर्समध्येच असतं.
पर्समध्येच का असतं?

गुरुवार, ५ डिसेंबर.
हन्ना ५.४० ला बाहेर पडली. म्हणे मालनबाईंबरोबर फिरायला. मालनबाई समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. वय अडुसष्ट, गुडघे दुखतात असं स्वतःच सांगतात. दोघी परतल्या १०.३० ला. पाच तास कुठे फिरतात? हन्नाच्या सॉक्समध्ये कुसळं मिळाली. आमच्या सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत. कुसळ औषधाला सापडायचं नाही.

कुसळं पाकिटात घालून तारीख टाकून ठेवली आहेत.

दुपारी फोनवर खूप हसत होती. कोण म्हटलं, तर एंजल. एंजलच्याच घरात पॉलराव राहतात! आता सगळं जुळलं. हिला सगळी ठिकाणं कोणीतरी दाखवतं, आणि ही परस्पर पुण्याला कळवते, म्हणजे २८ ला माझ्याकडे सांगायला नवं काही उरू नये. तेहतीस वर्षांच्या संसारात असं फितूर माणूस निघावं याचं वाईट वाटतं.

शनिवार, ७ डिसेंबर.
रेहेकुरी अभयारण्य. काळवीट. हे हिला माहीत असणं शक्यच नाही. स्कूटरने निघालो. वाटेत रुईछत्तिशीला कंबर बोलायला लागली. भजी खाऊन परत. निष्कर्ष : काळवीट दिसले नाहीत (रुईछत्तिशीपर्यंत).

हन्ना म्हणाली, ते सकाळी लवकर दिसतात, गवताच्या कडेला.
रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर.

गुरुवार, १९ डिसेंबर.
पाळत ठेवली. मफलर, गॉगल. ५.४० ला कोपऱ्यावर एक तवेरा गाडी थांबली, आत सात-आठ बायका, सगळ्यांच्या पायांत स्पोर्ट्स शूज. मालनबाई ड्रायव्हरशेजारी, हातात काठी. काठी टेकायला नव्हती, दिशा दाखवायला होती. पाठलाग केला. भिंगारच्या पुढे पाथर्डी रोडला पेट्रोल संपलं. स्कूटर ढकलत परत येताना दूध घालायला निघालेल्या एकाने विचारलं, "काका, गॉगल काढला तर बरं दिसंल न्हाई का?" हाही त्यांच्यातलाच असावा.

अंतिम निर्णय : चांदबीबी महाल. गाडी जवळजवळ वरपर्यंत जाते. मी शाळेच्या सहलीत पाहिलाय, म्हणजे पाहणी झालीच. शिवाय माझ्याकडे हुकमी पत्ता आहे : तो चांदबीबीचा महाल नाहीच, सलाबतखानाची कबर आहे. वर पोचल्यावर हे सावकाश सांगायचं.

हन्नाला निर्णय कळवला. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. लग्न झालं त्या वर्षी तिने मला तिथेच घेऊन चला म्हटलं होतं. मी म्हटलं होतं, येत्या रविवारी. एंजल झाल्यावरही एकदा म्हणाली. मग म्हणायची बंद झाली. मला वाटलं, हौस संपली असेल. हे आत्ता का आठवावं कळत नाही. ॲसिडिटी.

शनिवार, २८ डिसेंबर. संध्याकाळ.
झालं ते असं.

महालाच्या शेवटच्या चढाला मला धाप लागली, म्हणून कठड्यावर टेकलो. ते तिघं पुढे गेले. मी आत पोचलो तेव्हा जिन्यातून हन्नाचा आवाज येत होता. डोकं सांभाळा, इथली पायरी उंच आहे. मी वर गेलो. ती बोटाने दाखवत होती : तो किल्ला, ती सावेडी, तिकडे मांजरसुंबा, टाकं काठोकाठ भरलंय, मागच्या गुरुवारीच आम्ही पाहून आलो. सलाबतखानाचंही तिने सांगून टाकलं होतं. विहीणबाई फोटो काढत होत्या. पॉलरावांचं तोंड बंद होतं.

खाली पेरूवाला होता, छगन. हन्नाला बघून उठलाच. "ताई, आज शनवारी कशा काय? मालनमावशी न्हाई आल्या?" मग मला बसायला क्रेट दिला आणि तिला म्हणाला, "पाव्हनं लई दमल्यात. पुन्याचं हायेत व्हय?"

हन्ना म्हणाली, नाही, पुण्याचे हे दोघं. हे आमच्या घरचे आहेत, पहिल्यांदाच आलेत.

पॉलराव हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. मला पेरूची फोड दिली आणि म्हणाले, योसेफराव, नगर फार सुंदर आहे हो. मी म्हटलं, हो ना.

घरी आल्यावर हन्नाला विचारलं, मला कधी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही कधी विचारलंत? चार वर्षं जातोय आम्ही. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला भांडता आलं असतं.

मग विचारलं, येत्या गुरुवारी तवेरात एक जागा होईल का?

मालनबाईंना विचारून सांगते म्हणाली.