लाल गोलातली तारीख

प्रिय सरकार,

हुकमाप्रमाणे रक्त तपासून आलो. उपचार संपल्यापासूनची ही चौथी खेप. पीएसएचा आकडा जागचा हललेला नाही, म्हणजे कॅन्सर परतलेला नाही. हे आधीच लिहिलं, नाहीतर तू पत्र शेवटाकडून वाचायला घेतेस.

तपासणीआधी दोन दिवस सायकल चालवायची नाही, आकडा उगाच चढतो, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. आणि मी पडलो सायकल दुरुस्त करणारा! मग दुरुस्त केलेली सायकल चालवून बघायला दुकानाचे मालक स्वतः बसले, चाळीस वर्षांनी. वळणापर्यंत गेले आणि सायकल हातात धरून, लंगडत परत आले. म्हणाले, "ब्रेक उत्तम लागतात." हसून हसून पुरेवाट झाली.

रिपोर्ट येईपर्यंत एकाच चेनला तीनदा तेल घातलं, एवढंच. बाकी जेवण-झोप ठीक.

तुझा गुडघा काय म्हणतो? धाकटी अजून उपाशीच कॉलेजला पळते का?

आता पुढची तपासणी थेट सहा महिन्यांनी. तू मात्र सवयीने कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला लाल गोल केला असशील. तो खोडू नकोस. त्याच दिवसाचं घरी यायचं तिकीट काढलंय.

तुझाच,
तेलकट हातांचा