थंड बाजूची कोंबडी

एडमंटन, १९ ऑगस्ट

बाबा,

मी मजेत आहे. तुमच्या बाहीने पेट घेतल्याचं वेंडेलने फोनवर सांगितलं. म्हणाला, "ताई, बाबांचं ग्रिल मी आता विकून टाकतो." मी म्हणाले, "आधी मला त्यांच्याशी बोलू दे." हात कसा आहे? खरं लिहा.

चूक तुमच्या वयाची नाही, पद्धतीची आहे. सगळे बर्नर पेटवून तुम्ही वर वाकून उभे राहता. चरबी गळते आणि भडका उडतो. झाकण घाबरट लोक लावतात, असं तुम्ही म्हणता. काल युनियनच्या सहलीत मी फक्त डावा बर्नर पेटवला, कोंबडीच्या तंगड्या उजवीकडे, थंड बाजूला ठेवल्या आणि झाकण लावलं. "झालं का गं?" म्हणत जो तो ते उचलायला यायचा. शेवटी झाकणासमोर उभी राहून मी भाषण ठोकलं. पाऊण तासात मांस हाडापासून सुटलं. कातडी कुरकुरीत करायला शेवटची दोन मिनिटं ज्वाळेवर. तेवढं वेंडेलला करू द्या.

माणसाच्या हातातलं काम काढून घेणं मला कारखान्यात मान्य नाही, घरात तर नाहीच. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी, कामगार दिनाला, मी येतेय. ग्रिल जागेवर राहू द्या, आणि तुमची खुर्ची कोंबडीच्या बाजूला मांडा.

तुमची हट्टी,
मार्नी