कापसात उतरलेले गेटर

सेलू, रविवार, ८ डिसेंबर १९७४

डाव्या मोज्यात कापूस शिरलाच! उजवा कोरा राहिला, मग डाव्यालाच काय झालं?

हिमालयातल्या गिर्यारोहण शिबिराला जायचंय, तिथं गेटर लागतात. बुटात बर्फ जाऊ नये म्हणून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बांधायचं जाड कापड. इथल्या दुकानांत कुणी नावही ऐकलेलं नाही, म्हणून मीच जुन्या ताडपत्रीचे शिवले. पण तपासायला बर्फ कुठून आणू? ओसरीवर वेचणीचा कापूस कमरेएवढा पडलाय. बूट घालून सरळ आत शिरले.

आई धावत आली. "लक्ष्मी हाय ती! पायताणानं तुडवायलीस?"

बाहेर आले. चुकलंच माझं. पण डोळे त्या डाव्या मोज्यावर. तळव्याखालची पट्टी सैल होती, एवढंच! बाजेची नवार कापून घट्ट शिवली. आता पुन्हा बघायचं कसं? आईला विचारायची छाती होईना.

संध्याकाळी तिनंच गेटर उचलले. माझे लोकरी मोजे चढवले, वर गेटर बांधून घेतले, लुगडं खोचलं. कापसाला हात जोडले आणि बुटांशिवायच, गुडघ्याच्या वरपर्यंत आत चालत गेली. माझी आई!

बाहेर येऊन तिनं डावा मोजा माझ्यापुढं उलटा केला. एक तंतू नाही. मी केलेली शिवण! गेटरच्या पट्टीवरून मी दोनदा बोट फिरवून पाहिलं.

आई म्हणाली, "कापसातून मी जाऊन आले. आता बर्फातून तू जाऊन ये."