उद्याचं मैदान

प्रिय हर्षल,

अठ्ठाविसाव्या वर्षी मला अर्धांगवायू झाला, तो तुला सांगितलं तसा टेन्शनमुळे नव्हे. माझ्या हृदयाचा स्नायूच कमजोर आहे. तिथे गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली.

डॉक्टर म्हणाले, "हे घराण्यात उतरतं. भावालाही तपासा, तोवर त्याचं पळणं बंद."

आई निफाडहून आली आणि माझ्यापुढे हात जोडून म्हणाली, "त्याची पोलीस भरती होऊ दे गं, मग सांग."

आज तुझा फोन आला. "ताई, छातीत लय धडधडतंय. उद्याच्या मैदानाचं दडपण असंल."

सगळं बळ एकवटून मी "पळू नको" म्हणायला गेले. जड जिभेवरून "पळ" एवढंच निघालं.

"पळतो ना ताई, जीव तोडून पळतो," म्हणत तू हसलास.

आता तुझा फोन बंद लागतोय. भरतीची मैदानी चाचणी पहाटे आहे. हे पत्र मी कुठे टाकू?

तुझी,
स्नेहलताई