अंकुश तोंड उघडत नाही

हुडकेश्वर, नागपूर

आदरणीय प्रेमिलाताई,

सप्रेम जय भीम.

इंदोऱ्याच्या घरची हिवाळ्यातली ती दुपार आठवते का तुला? तू अंगणात बसून माझ्या शाळेच्या फ्रॉकचं बटण शिवत होतीस आणि आपला अंकुश सतरंजीवर पडून आभाळ बघत होता. तू विचारलंस, "हा काय पाहून राहिला वं?" मी ऐटीत म्हणाले, "घार." आभाळात काहीच नव्हतं. पण तुझा दोरा संपायच्या आत खरोखरच एक घार आली. तेव्हापासून सगळ्या नातेवाइकांत माझं नाव झालं, की नंदूला भावाच्या मनातलं कळतं. ताई, त्या एका घारीवर मी आयुष्य काढलं.

तुझी कंबर आता कशी आहे? भाऊजींचा खोकला? (त्यांनी बिड्या सोडल्या असं ते सांगतात, म्हणून मुद्दाम तुला विचारते.) इकडे आम्ही दोघं ठीक. माझा उजवा गुडघा मात्र संपला. डॉक्टरांनी बदलायचा म्हणून तारीख दिली आहे. तू येशील का असं विचारायला हे पत्र नाही, हे आधीच लिहून ठेवते. तुझा संसार मला माहीत आहे. फोन करणार होते, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

गुडघ्याची मला भीती नाही. काळजी एकच, मी दवाखान्यात असताना अंकुशला कोण बघणार? जन्मापासून त्याला बोलता येत नाही, हात-पाय त्याचं ऐकत नाहीत. आई गेल्यापासून मीच. आमच्या घरात दुपार फार लांब असते, ताई. तो पडद्यावर सरकणारं ऊन बघतो, मी त्याला बघते, आणि कितीदा मला कळतच नाही की आता चहा हवासा वाटला तो त्याला की मला. हे दुसऱ्या माणसाला कसं शिकवायचं?

तर आपल्या प्रशिकची बायको मेघा शिकायला आली. बुटीबोरीच्या कंपनीत नोकरी करते, कामाला चोख, आल्या आल्या हात धुतले. मी सांगायला लागले. डावी भुवई वर गेली की पाणी (पण पावसाळी हवा असेल तर पंखा बंद). घशातून बारीक सूर काढला की रेडिओ (पण बातम्या लागल्या असतील तर तो निषेध). मान भिंतीकडे वळवली की एकटं राहायचंय (किंवा गालाला माशी). मेघा म्हणाली, "आत्या, यापेक्षा आमची मशीन सोपी आहे." मग मी तिला घर सोपवून शेजारी मधुकररावांकडे जाऊन बसले.

जेवायच्या वेळेला तिची हाक आली. "आत्या, हा तोंडच उघडून नाही राहिला!"

ताई, तुझ्यापासून काय लपवू, मला आनंद झाला. गुडघा विसरून निघाले. माझ्याशिवाय तो जेवत नाही, हे आता सगळ्यांना दिसेल अशा थाटात मी चमचा हातात घेतला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ओठ आणखी घट्ट मिटले.

मी त्याचे कपडे बदलले. पंखा लावला, बंद केला, रेडिओ लावला. मागोमाग आलेले मधुकरराव दारातून म्हणाले, "त्याले काहून छळून राहिल्या बाई? रोज वरणभात! मी पण तोंड मिटलं असतं." मेघा म्हणाली, "मग तुमच्या घरून रस्सा आणा न काका, नुसते उभे काय राहता?" ते हसले, पण आणायला काही गेले नाहीत. मला मात्र रडू यायला लागलं. माझ्याकडूनच जेवत नसेल, तर मी गेल्यावर काय?

शेवटी भुकेने थकलेली मेघा त्याच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि स्वतःच्या ताटातला एक घास खाल्ला. लगेच अंकुशचं तोंड उघडलं. आ वासून, अगदी लहानपणी वासायचा तसं.

आता खरं सांगते. मी रोज त्याच्या वाटीतला पहिला चमचा माझ्या तोंडात घालते, गरम आहे का बघायला. आईही तेच करायची. आमच्या शाळेतल्या सिस्टरनी उष्ट्या चमच्याबद्दल असा काही धाक घातला होता की ही सवय मी चारचौघांत लपवते. मेघासमोरही लपवली, चमचा उकळत्या पाण्यातून काढला. मला वाटायचं, मी वरणाची चव बघते. आणि तो इतकी वर्षं बघत होता की बहीण जेवली का. आई सगळ्यांच्या शेवटी जेवायची, आठवतं? त्याच्यापुढे मात्र तिचा पहिला घास व्हायचा. तिला उपाशी राहू न देणारा घरात तो एकटाच होता.

मेघा म्हणाली, "आत्या, तुम्हाले वाटते तुम्ही याले सांभाळता." मग दोघं आळीपाळीने एकेक घास खात बसले. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण जरा उशिरा, आत जाऊन पापड भाजताना.

भाऊजींना जय भीम.

तुझी,
नंदू

ता. क. अंकुशची सोय झाली. मेघाने रजा टाकली आहे, प्रशिक रात्री येईल. तेव्हा त्याच्यासाठी तू यायची मुळीच गरज नाही.

ता. क. दुसरा. माझ्यासाठी ये. त्याच्याबरोबर राहून मला न सांगता समजून घेतलं जाण्याची सवय लागली आहे. दवाखान्यात नर्स विचारेल, "काही पाहिजे का?" आणि मी "नाही" म्हणेन. त्या "नाही"वर विश्वास न ठेवणारं कोणी तरी माझ्या उशाशी हवं.

ता. क. शेवटचा. हे पत्र आणणाऱ्याकडे पिशवी दिली आहे. संत्र्याची बर्फी भाऊजींना, पण अर्धीच. उरलेली शेजारच्या मुलांना, भाऊजींच्या देखत. भिवापूरची मिरची तुझ्या सुनेला. लोकरीचे मोजे तुझ्या नातवाला. विणताना अंगठा मोठा झाला आहे, दुर्लक्ष कर. पाकिटातलं गाडीचं तिकीट तुला. परतीचं काढलेलं नाही.